ऑफिसच्या भिंतीवर ‘ग्रीन गोल्ड’ची पाटी, पण हे गोल्ड नक्की कशाला मिळालंय?

खराडी असो की बीकेसी, रिनोव्हेशन झालं की रिसेप्शनच्या भिंतीवर ‘गोल्ड’ किंवा ‘प्लॅटिनम’ची पाटी लागते. ती पूर्ण इमारतीची आहे की एका मजल्याच्या इंटिरिअरची, हे क्वचितच कुणी विचारतं.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. साहजिकच ‘ग्रीन’ ऑफिसचा भाव वाढलाय.

मग कॅटेगरी कशी ठरते?

‘लीड’ या अमेरिकी पद्धतीचं उदाहरण घेऊ. भाड्याच्या जागेत आतलं सगळं काम नव्याने होणार असेल, तर ‘इंटिरिअर डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन’. बाहेरच्या भिंती-काचा, एसी यंत्रणा आणि आतली रचना असं मोठं काम असेल, तर ‘बिल्डिंग डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन’, म्हणजे थेट नव्या इमारतींच्या रांगेत. तोडफोड जवळपास नसेल, तर ‘ऑपरेशन्स अँड मेंटेनन्स’. आपल्याकडच्या आयजीबीसीमध्येही इंटिरिअर आणि जुन्या इमारतींसाठी वेगळी रेटिंग आहेत.

काम दोन कॅटेगरींत विभागलं जात असेल तर? एखादी कॅटेगरी ६० टक्क्यांहून जास्त क्षेत्रफळाला लागू होत असेल तर तीच घ्यायची, ४० टक्क्यांहून कमी असेल तर सोडायची. मधल्या पट्ट्यात निर्णय टीमचा.

खरी मेख कुठे आहे?

लीडच्या सध्या रुळलेल्या आवृत्त्यांमध्ये तिन्हीकडे ६० गुणांना ‘गोल्ड’च मिळतं, पण तपासलं जातं वेगवेगळं. इंटिरिअरमध्ये मुख्य भर भाडेकरूच्या हातातल्या गोष्टींवर: दिवे, रंग, फर्निचर, नळ. पश्चिमेच्या उन्हात तापणारी काचेची भिंत बिल्डरची, ती तशीच राहते. जुन्या वस्तू पुन्हा वापरल्या तर गुण मिळतात. त्याच जागेत किमान १० वर्षं राहण्याची हमी दिली तरी गुण आहे. पण दर काही वर्षांनी ऑफिस बदलणाऱ्या कंपन्यांनी तो विसरलेलाच बरा!

‘ऑपरेशन्स’मध्ये मात्र वीज, पाणी, कचरा यांची प्रत्यक्ष आकडेवारी द्यावी लागते आणि सर्टिफिकेटचं ठराविक काळाने नूतनीकरणही करावं लागतं. म्हणूनच ती कमी चमकदार वाटते. फक्त कार्पेट आणि दिवे बदलणाऱ्या ऑफिससाठी तीच जास्त प्रामाणिक. चांगलं फर्निचर भंगारात काढून, इंटिरिअर नव्याने करून मिळवलेल्या गोल्डपेक्षा तर नक्कीच.

पुढच्या वेळी अशी पाटी दिसली, तर ‘गोल्ड’च्या आसपास बारीक अक्षरात कॅटेगरी आणि वर्ष लिहिलंय का, ते बघा.