गुडघ्याचा पट्टा आणि आमची घाई

शाळेच्या मैदानावर मुलांसोबत कबड्डी खेळताना आमचा गुडघा फिरला. लिगामेंट दुखावले. डॉक्टरांनी बिजागरीचा नी-ब्रेस दिला. १५ दिवसांत सूज उतरली आणि आम्ही पट्टा खुंटीला टांगून जालन्याच्या भोकरदन नाक्यापर्यंत चालत गेलो. परतताना गुडघा पुन्हा लचकला. अम्मींनी रिक्षातून हाताला धरून उतरवले.

तेव्हा कळले, सूज उतरली म्हणजे जखम भरली असे नाही. पट्टा गुडघ्याला नको तिकडे वळण्यापासून आवरतो. ताकद मांडीच्या स्नायूंची, ती व्यायामानेच येते. बिजागरी गुडघ्याच्या मध्याशी जुळावी. पाय बधिर झाला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पट्टा सैल करून लगेच दवाखाना गाठावा.

कुस्तीगीर विनेश फोगाटचा गुडघा २०१६ मध्ये रिओत दुखावला. आशियाई सुवर्णपदक तिने २०१८ मध्ये जिंकले. सबुरी पहिलवानालाही लागते.

खुर्चीवर नमाज पढायला आम्हाला संकोच वाटे. अब्बा म्हणाले, "बेटा, आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. ती घ्यायला कसली शरम?"

वाचकहो, पट्टा केव्हा सोडायचा, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.