विश्लेषण : शब्दाचा अर्थ खरा कशावरून? ऑनलाइन शब्दकोशात जुन्या कादंबऱ्यांतील वाक्ये का हवीत?

‘राजीनामा’ म्हटले की आज पद सोडल्याचे पत्र आठवते. पण ‘राजी’ आणि ‘नामा’ अशी फोड केली तर अर्थ निघतो संमतीचा कागद. ‘चळवळ’ हा शब्दही मुळात चुळबुळ, हालचाल या अर्थाचा. आंदोलन हा अर्थ त्याला नंतर मिळाला. हे बदल कधी झाले? मोबाइलवर शब्दकोश उघडला तर अर्थ सापडतो, पण या प्रश्नाचे उत्तर सहसा सापडत नाही. ते जुन्या पुस्तकांतील वाक्यांत दडलेले आहे.

उदाहरण आणि अवतरण यांत फरक काय?

कोशकाराने स्वतः रचलेले वाक्य म्हणजे उदाहरण. त्यातून शब्द कसा वापरायचा ते कळते, पण काही सिद्ध होत नाही. अवतरण म्हणजे दुसऱ्या कोणी तरी छापील मजकुरात केलेला वापर. सोबत लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान. हा पुरावा असतो.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोश याच पायावर उभा राहिला. त्याची कल्पना १८५७ची, पहिला भाग निघाला १८८४ मध्ये आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये. त्यासाठी स्वयंसेवक वाचकांनी पुस्तके वाचून चिठ्ठ्यांवर वाक्ये उतरवून पाठवली. त्या आवृत्तीत १८ लाखांहून अधिक अवतरणे होती. आज हेच काम विक्शनरीसारख्या खुल्या कोशांत चालते. इंग्रजी शब्द टिकवायचा असेल तर एकूण किमान वर्षभराच्या काळात विखुरलेले तीन स्वतंत्र वापर सहसा दाखवावे लागतात, असा इंग्रजी विक्शनरीचा नियम आहे.

मराठीची स्थिती काय?

पाया भक्कम आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि त्यांत जुन्या साहित्यातील अवतरणे आहेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. पण दाते कोशातील संदर्भ ‘ज्ञा’ (ज्ञानेश्वरी) अशा संक्षेपांत आहेत. छापील पानावर जागा वाचवायला ते ठीक होते, फोनवरच्या वाचकाला मात्र त्यातून ना पुस्तक कळते ना काळ.

कादंबऱ्याच का?

कारण सरकारी कागदात आणि पोथीत न येणारी घरगुती भाषा तिथे सापडते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ची. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये तर यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. स्वयंपाकघर, सासर-माहेर, रुसवेफुगवे यांतले शब्द अशा पुस्तकांत वाक्यासह, प्रसंगासह मिळतात.

अडचणी कोणत्या?

- वर्ष : हातात १९८०ची आवृत्ती असली तरी शब्द १९८०चा ठरत नाही. पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि पाहिलेल्या आवृत्तीचे वर्ष, दोन्ही द्यायला हवीत. आपट्यांची ही कादंबरी आधी ‘करमणूक’मधून क्रमशः आली, पुस्तक नंतर झाले. अशा वेळी तेही नोंदवावे.

- शुद्धलेखन : १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘घरांत’ असते, त्यामुळे ‘नाव’ शोधले तर ‘नांव’ सुटू शकते. उपाय तांत्रिक आणि सोपा आहे : अवतरण जसेच्या तसे ठेवायचे आणि शोधासाठी आजचे रूप मागे जोडायचे. मूळ वाक्य ‘सुधारणे’ म्हणजे पुराव्यात फेरफार.

- स्कॅन : चित्रातून अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर अनुस्वार गाळते, ‘ख’चा ‘रव’ करते. अशा चुकीतून कधीच नसलेला शब्द कोशात शिरू शकतो. म्हणून पानाच्या चित्राशी ताडून पाहणे आवश्यक.

- एआय : चॅटबॉट जुन्या धाटणीचे वाक्य सहज रचून देतो आणि वर कादंबरीचे नावही चिकटवतो. पान दिसले नाही, तर अवतरण घ्यायचे नाही.

कॉपीराइटचे काय?

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात. ही मुदत निधनानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. आपट्यांचे निधन १९१९चे, म्हणजे त्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. मात्र नव्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि टिपा यांवर त्या लेखकांचा हक्क असू शकतो.

मग कादंबऱ्या पुरेशा आहेत का?

नाहीत. सुरुवातीच्या कादंबऱ्या प्रामुख्याने शहरी, शिकलेल्या आणि बहुतांशी उच्चवर्णीय पुरुषांनी लिहिल्या. यमूची भाषाही आपट्यांनीच लिहिलेली. केवळ याच पुस्तकांवर कोश उभारला, तर शेतातले, कारागिरांचे, कोकण-विदर्भ-मराठवाड्याच्या बोलींतले शब्द ‘पुरावा नाही’ म्हणून बाहेर राहतील. पुराव्याचा नियम कडक हवाच, पण पुरावा शोधण्याची जागाही रुंद हवी : लोकगीतांचे संग्रह, जुनी वृत्तपत्रे, आत्मचरित्रे, दलित आणि ग्रामीण साहित्य.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तोही जुन्या ग्रंथांच्या पुराव्यावर. मग पुराव्याची हीच शिस्त रोजच्या शब्दांना का नको? मजकूर मोफत आहे, साधने मोफत आहेत आणि लागते ते वाचणाऱ्याचे लक्ष. एका कादंबरीतून दहा शब्द, प्रत्येकाचे वाक्य, वर्ष आणि पान, एवढे काम एखादे महाविद्यालय किंवा वाचनालय सहज हाती घेऊ शकते. शब्दाला जन्मदाखला असा एकेका नोंदीनेच मिळतो.