पोकरसाठी नोकरी सोडायची का? २०२५ च्या कायद्यानंतरचं गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये एका आठवड्यात भारतातलं ऑनलाइन पोकर बंद झालं. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, आणि ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा तयार. पोकरबाझी, एमपीएल, झुपी, ड्रीम११ या सगळ्यांनी पैशांचे गेम त्याच आठवड्यात थांबवले.

बऱ्याच लोकांसाठी ही फक्त एक बातमी होती. पण आमच्या शहाद्याचा एक मित्र पुण्यात नऊ लाखांच्या पॅकेजवर काम करतो, आणि तो वर्षभर रात्री पोकर खेळून बऱ्यापैकी जिंकत होता. त्याचा मला मेसेज आला, "ऑनलाइन गेलं तर गेलं. नोकरी सोडून गोव्यात लाइव्ह खेळू का?" घरी वडिलांची पपईची शेती आहे, बहिणीचं शिक्षण चालू आहे आणि एज्युकेशन लोनचे हप्ते अजून संपलेले नाहीत. असा प्रश्न पडलेला तो एकटाच नसणार, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे नीट मांडतो.

कायदा नेमकं काय म्हणतो?

आपल्याकडे पत्त्यांच्या खेळांचा वाद नेहमी एकाच मुद्द्यावर व्हायचा: हे कौशल्य की नशीब? सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पोकरवर मात्र एकमत नव्हतं. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं.

याची गंमत आपल्या जिल्ह्यातच दिसते. नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. काही पोकर ॲप्स गुजरातमधल्या युजरला खेळू द्यायची नाहीत आणि तुम्ही कुठे आहात ते फोनच्या लोकेशनवरून ठरवायची. म्हणजे त्याच प्लॅटफॉर्मवर चार पावलं इकडे कौशल्य, चार पावलं तिकडे जुगार!

नव्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळला की तो 'ऑनलाइन मनी गेम'. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा ५० लाखांपर्यंत. बँका आणि पेमेंट ॲप्सनाही अशा गेमचे व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि वेगवेगळ्या हायकोर्टांतली प्रकरणं सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतली. पण करिअरचा निर्णय कोर्टाच्या तारखांवर टांगून ठेवता येत नाही.

"मी जिंकतोय" हे कसं कळतं?

पोकरमध्ये कौशल्य असतं, यात मला शंका नाही. नशिबाचाच खेळ असता तर कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या 'प्लुरिबस' या प्रोग्रामने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलवर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं नसतं. निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचं ब्रेसलेट जिंकलं, तेही लॉटरी लागून नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्यात ते कौशल्य आहे हे किती हँड खेळल्यावर कळतं?

खेळाडू आपली कमाई '१०० हँडमागे किती बिग ब्लाइंड' अशी मोजतात. १०० हँडमागे सरासरी ५ म्हणजे चांगला खेळाडू. पण त्याच १०० हँडमध्ये नशिबाचं वर-खाली साधारण १०० बिग ब्लाइंडचं असतं. कमाई ५, हेलकावा १००!

मित्राने सुमारे १०,००० हँड खेळले होते. तेवढ्यात चांगल्या खेळाडूची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड आणि हेलकावा १,०००. कॉलेजमधला नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचा तक्ता आठवत असेल तर हिशेब सोपा आहे. खरोखर चांगल्या १०० खेळाडूंपैकी सुमारे ३१ जण १०,००० हँडनंतरही तोट्यात असतील. आणि उलटंही तितकंच खरं: ज्यांच्यात जिंकण्याइतकं कौशल्य अजिबात नाही, फक्त बरोबरीत सुटतात, अशा १०० जणांपैकीही सुमारे ३१ जणांचा आकडा 'चांगल्या खेळाडू'सारखा दिसेल.

नंदुरबारच्या मिरची बाजारात एका हंगामात भाव चांगला मिळाला म्हणून कोणी स्वतःला बाजाराचा जाणकार म्हणवत नाही. इथेही तसंच आहे. १ लाख हँड खेळले की चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ६ टक्क्यांवर येते. तिथून पुढे आकड्यांवर थोडा विश्वास ठेवता येतो.

ऑनलाइन आणि लाइव्ह यात फरक काय?

ऑनलाइन एका वेळी चार टेबल उघडून तासाला ३०० च्या आसपास हँड व्हायचे. १ लाख हँड म्हणजे साधारण ३३० तास, काही महिन्यांचं काम. लाइव्ह टेबलवर पत्ते वाटणारा माणूस असतो, तासाला ३० हँड झाले तरी खूप. तेच १ लाख हँड म्हणजे ३,३०० हून जास्त तास. आठवड्याला ४० तास बसलात तरी दीड वर्षाच्या वर. म्हणजे आपण खरंच चांगले आहोत का, हे कळायलाच नोकरीशिवाय दीड वर्ष जाणार.

आता पैशांचं बघू. समजा बिग ब्लाइंड १०० रुपयांचा आहे आणि वर्षाला २,००० तास, म्हणजे ६०,००० हँड. दर १०० हँडमागे ५ बिग ब्लाइंड कमावले तर वर्षाला ३ लाख, आणि साधारण नऊपैकी एक वर्ष तोट्याचं. लाइव्ह टेबलवर हौशी खेळाडू जास्त असतात म्हणून कमाई दुप्पट धरली तरी ६ लाख. मोठ्या ब्लाइंडवर खेळलं तर जास्त मिळेल हे खरं, पण समोरचे खेळाडू तगडे आणि गमवायची रक्कमही तेवढीच मोठी.

टॅक्स हा भाग कोणी सांगत नाही

२०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत नऊ लाख पगारावर टॅक्स शून्य. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर मात्र सरसकट ३० टक्के, त्यावर सेस, एकूण ३१.२ टक्के. पहिल्या रुपयापासून. ६ लाखांतले हातात उरतात सुमारे ४ लाख १३ हजार, त्यातून गोव्यातलं भाडं, जेवण आणि प्रवास. हा खर्च उत्पन्नातून वजाही करता येत नाही. कायद्याचा कडक अर्थ लावला तर हरलेल्या दिवसांची रक्कमसुद्धा नाही. हे आधी सीएकडून समजून घ्या.

आणि गोव्यात कायमचं राहायला जायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथल्या कसिनोंत खेळायला बंदी आहे. मांडवीतल्या बोटी पर्यटकांसाठी आहेत.

"परदेशी साइटवर खेळतो की!"

हा पर्याय मित्राच्याही मनात होता. यात तीन अडचणी आहेत. एक, पैसे टाकायला आणि काढायला अनोळखी लोकांची खाती वापरली जातात. ते खातं सायबर फसवणुकीत सापडलं की तुमचंही खातं गोठू शकतं. दोन, साइटने पैसे अडवले तर दाद मागायची कुठे? तीन, समोर माणूस आहे की बॉट, हे कळत नाही. प्लुरिबसला सात वर्षं होत आली. आज त्यापेक्षा साधा बॉटही छोट्या टेबलवरच्या आपल्यासारख्यांना पुरेसा आहे.

मग करायचं काय?

मी मित्राला "सोडू नको" असं सांगितलं नाही. चार अटी सांगितल्या:

१. नोकरी ठेवून लाइव्ह खेळ. प्रत्येक बसणीची वेळ, ब्लाइंड, आलेले-गेलेले पैसे शीटमध्ये लिही. आठवणीवर हिशेब नको, जिंकलेलं लक्षात राहतं आणि हरलेलं विसरतं.

२. खेळायचे पैसे आणि जगायचे पैसे वेगळे. घरखर्च, हप्ता, आरोग्य विमा धरून किमान १२ महिन्यांची रक्कम अशा खात्यात, ज्याला टेबलकडे जाताना हात लागणार नाही.

३. थांबायचा आकडा आधीच लिहून बहिणीकडे दे. तो आकडा आला की खेळ बंद, वाद नाही.

४. हे आकडे वडिलांसमोर मांड. त्यांना सांगायची हिंमत होत नसेल तर प्लॅन अजून तयार नाही.

हरलेलं वसूल करायला पुन्हा बसावंसं वाटतंय, घरी लपवावं लागतंय, उधार घ्यावं लागतंय, अशी वेळ आली असेल तर हा करिअरचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत बोलता येतं, मराठीतही.

मित्राने अजून राजीनामा दिलेला नाही. त्याने शीट बनवलं आहे, त्यात आतापर्यंत ४२ तासांची नोंद आहे. १ लाख हँडला अजून ३,२०० हून जास्त तास बाकी आहेत, आणि हा आकडा बघून राजीनाम्याचा ड्राफ्ट त्याने स्वतःच पुढे ढकललाय.