चंद्राची वाट आणि मतांची वाट

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मे २०२५ मध्ये पुढील वर्षासाठी जे अंदाजपत्रक मांडले, त्यात ‘नासा’ या अवकाशसंस्थेची तरतूद सुमारे २४८० कोटी डॉलरवरून १८८० कोटींवर आणावी, असे सुचविले होते. कपातीचा मुख्य घाव विज्ञानशाखेवर होता. तिचा निधी जवळजवळ निम्मा व्हायचा होता. चंद्र-मंगळावर माणूस धाडण्याच्या कार्यक्रमाला मात्र वाढीव पैसा सुचविला होता. तेथील काँग्रेसने जानेवारी २०२६ मध्ये ही कपात बहुतांशी फेटाळली आणि शास्त्रज्ञांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ज्या व्यवस्थेत अध्यक्ष बदलला की संशोधनाचे भवितव्य असे टांगणीला लागते, ती व्यवस्था मुळात चालते कशी, हा प्रश्न उरतोच.

तिचा पाया केनेडींच्या कारकीर्दीत घातला गेला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. पाचच दिवसांनी अमेरिकेने पढवून पाठविलेली निर्वासितांची फौज क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिचा धुव्वा उडाला. ही दुहेरी नामुष्की ताजी असतानाच, २५ मे रोजी, दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरविण्याची घोषणा झाली. आपल्याला अवकाशाविषयी स्वतंत्र असे फारसे स्वारस्य नाही, रशियाला मागे टाकणे हेच महत्त्वाचे, असे केनेडींनी नोव्हेंबर १९६२ मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना बंद दाराआड स्पष्टच सुनावले होते. त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण पुढे अनेक वर्षांनी प्रसिद्ध झाले. मानवी उड्डाणांचे केंद्र ह्यूस्टनला गेले. उपाध्यक्ष जॉन्सन टेक्सासचे, आणि नासाच्या निधीवर हुकमत असलेल्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीचे अध्यक्ष आल्बर्ट टॉमस तर ह्यूस्टनचेच! १९६६ पर्यंत केंद्रीय खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जाऊ लागला. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

शर्यत जिंकल्यावर पैशाचे प्रयोजन संपले. निक्सन यांच्या काळात १९७० मध्ये उरलेल्या मोहिमांपैकी तीन रद्द झाल्या. ५ जानेवारी १९७२ रोजी, निवडणुकीच्या वर्षारंभीच, त्यांनी स्पेस शटलला मंजुरी दिली. कॅलिफोर्नियातील विमान-उद्योगातली बेकारी त्या वेळी त्यांच्या सल्लागारांच्या चिंतेचा विषय होती.

अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनथी खेचरांच्या गाडीसह गरिबांचा मोर्चा घेऊन केप केनेडीला पोहोचले. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना सामोरे गेले. उड्डाण रद्द केल्याने दारिद्र्य दूर होणार असेल तर आपण कळ दाबणार नाही, असे ते म्हणाले. अॅबरनथींनीही अंतराळवीरांचे शुभच चिंतिले. दोघांच्या सौजन्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले? चंद्रावरचा खर्च आटला, आणि १९७३ मध्ये निक्सन यांनी दारिद्र्यनिर्मूलनासाठी उभारलेले सरकारी कार्यालयच मोडीत काढायला घेतले. वाचलेला डॉलर खेचरांच्या गाडीपर्यंत कधी पोहोचलाच नाही. ‘चंद्र की भाकरी’ असा वाद घालणाऱ्या पुरोगाम्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पुढचे अध्यक्ष केनेडींची नक्कल करीत राहिले. थोरल्या बुश यांची १९८९ ची मंगळ-घोषणा खर्चाचा आकडा ऐकताच बारगळली. धाकट्या बुश यांचा २००४ चा चंद्रसंकल्प ओबामांनी २०१० मध्ये मोडला; पण कंत्राटे बुडू लागताच सिनेटने त्याच वर्षी कायदा करून एक प्रचंड अग्निबाण नासाच्या गळ्यात बांधला. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी या राज्यांत त्याची कामे चालली. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले. नासाच्याच महानिरीक्षकांच्या हिशेबाने त्याच्या प्रत्येक चंद्रफेरीचा खर्च ४१० कोटी डॉलर! ट्रम्प यांच्या अंदाजपत्रकात तो लवकरच बंद करावा असे सुचविले होते. तरीही जुलै २०२५ च्या कायद्यात त्याच्यासाठी पुन्हा ४१० कोटी घातले गेले. एक निवृत्त अवकाशयान ह्यूस्टनला हलविण्यासाठीही साडेआठ कोटी डॉलर त्यात होते. याच कायद्याने गरिबांच्या ‘मेडिकेड’ या आरोग्ययोजनेला मोठी कात्री लावली. त्यावर सही करणाऱ्या अध्यक्षांच्या २०२४ च्या प्रचारात सर्वाधिक पैसा ओतणारे इलॉन मस्क स्वतः नासाचे मोठे कंत्राटदार आहेत.

ज्या कामाला घोषणेचे तेज नाही आणि कारखान्याचा मतदारसंघही नाही, ते या देवघेवीत उघडे पडते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ हा उपग्रह भारत व अमेरिका यांचा संयुक्त. त्याच्या दोन रडारांपैकी एक इस्रोचे, दुसरे नासाचे. जमिनीची हालचाल, पिके आणि हिमनद्या तो दर बारा दिवसांनी पाहणार आहे. त्यातील नासाच्या वाट्याचा खर्च ज्या पृथ्वीविज्ञान विभागातून चालतो, त्याचा निधी मे २०२५ च्या त्या अंदाजपत्रकात निम्म्यावर आणण्याचे योजले होते.