चाकावरचं घर घेताय? आधी ते उभं कुठं करणार ते सांगा

जुनी बस किंवा जुना कंटेनर घ्यायचा, आत पलंग, गॅस, पंखा बसवायचा आणि कायमचं त्यातच राहायचं. हा बेत मागच्या काही महिन्यांत मी चार-पाच जणांच्या तोंडून ऐकला. मोबाइलवर रील बघून हौसेनं बोलणाऱ्यांचं सोडा, त्यांच्यासाठी ही पोस्ट नाही. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार, दर करारात वाढ आणि घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की खोली रिकामी करा, याला जे कंटाळलेत त्यांच्यासाठी लिहितोय.

ओळखीचे एक ड्रायव्हर आहेत. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली. आता पंचावन्न वय, डोळे साथ देत नाहीत, हाताशी दोन-अडीच लाख. मला म्हणाले, "पत्रकार, या पैशात सोलापुरात घर होत नाही वो. बसमध्येच जन्म गेला, आता बसमध्येच राहतो की." हसत म्हणाले, पण चेष्टा नव्हती. भंगारवाल्याकडं बस बघून पण आले होते.

हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. बसची लांबी साधारण ३५ फूट, रुंदी ८ फूट, म्हणजे २८० चौरस फूट. २० फुटी कंटेनर धरला तर १६० चौरस फूट. आपल्या पूर्व भागात याहून लहान खोलीत सहा-सहा माणसं राहतात. मग यात चूक काय?

चूक बसमध्ये नाही. ती उभी कुठं करणार, या प्रश्नाला उत्तर नाही, तिथं गाडी अडते. घर दोन लाखात मिळेल. जागा त्यात येत नाही, पाणी येत नाही आणि पत्ताही येत नाही.

आधी कायद्याचं बघू. बस, टेम्पो, ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीनं वाहन आहे. रस्त्यावर आणायचं तर नोंदणी, विमा, फिटनेस सगळं चालू पाहिजे. आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करता येत नाही. एसटीची जुनी गाडी घेऊन फिरायचं स्वप्न असेल तर तेही सोडा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महामंडळांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही, त्या भंगारातच काढायच्या असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे तुमच्या हाती लागेल तो बसचा सांगाडा. तो क्रेननं उचलून एका जागी ठेवायचा. चाकं असली तरी तो हलणार नाही.

एका जागी ठेवायचा म्हटलं की जमीन आली. बहुतेक जण म्हणतात, "मित्राचं रान आहे, तिथं लावतो." शेतजमिनीवर राहायचं तर बिनशेतीचा प्रश्न येतो. महापालिकेच्या हद्दीत बांधकाम परवानगीचा येतो, आणि "हे बांधकाम नाही, गाडी आहे" हा युक्तिवाद अतिक्रमण पथकापुढं किती टिकतो ते मी इतकी वर्षं बातम्या करताना बघितलंय. विजेच्या मीटरला जागेचा कागद लागतो, नाहीतर मालकाची संमती. आणि मित्र आज आहे, उद्या त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या की पहिली नजर तुमच्या बसवर जाईल. घरमालक बदलला, भाडेकरू तुम्हीच राहिलात.

दुसरं आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला विचारा, दुपारी बारा ते पाच आत बसवत नाही. बस म्हणजे चारी बाजूंनी आणि वरून पत्रा. आतून थर्माकोल लावून भागत नाही, शिवाय आग लागली तर तोच आधी पेटतो. छताला चांगला उष्णतारोधक थर, वर वेगळी सावली, आरपार खिडक्या हे सगळं करायचं तर बसच्या किमतीइतका खर्च पुन्हा येतो.

आणि पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणं ही काय चीज आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. आपण घरात बॅरल, टाक्या, घागरी, मिळेल त्यात भरून ठेवतो. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. नवरा-बायको दोघांचे २७० झाले. चार दिवसांचे हजारावर गेले. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. परदेशातल्या व्हिडिओत दिसते ती शंभर-दोनशे लिटरची टाकी आपल्याकडं एक दिवस पुरायची नाही. त्यांच्याकडं ती भरायला जागोजागी नळ आहेत. आपल्याकडं टँकर बोलवा. सांडपाणी कुठं सोडणार, संडासचं काय, हे तर अजून बोललोच नाही.

परदेशाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत ट्रेलरमध्ये कायमचं राहणारी लाखो माणसं आहेत. 'नोमॅडलँड' नावाचा सिनेमा अशाच लोकांवर आहे, २०२१ साली त्याला ऑस्कर मिळालं. त्यातली नायिका हौसेनं फिरत नाही. गावातला कारखाना बंद पडतो, गाव ओस पडतं, म्हणून ती गाडीत राहायला जाते. मिल बंद पडलेल्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथंही ट्रेलर स्वस्तात मिळतो, पण तो ज्या पार्कमध्ये उभा करायचा त्या जागेचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. घर आपलं आणि खालची जमीन दुसऱ्याची. जमीनवाल्यानं भाडं वाढवलं की घर उचलून नेणं परवडत नाही, म्हणून माणूस मुकाट्यानं भरत राहतो. स्वस्त घराची खरी किंमत तिथं वसूल होते.

पण अमेरिकेला कशाला जायचं? आपल्याकडं ट्रेलर म्हटलं की ऊस आठवतो. दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिवकडून ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रेलर येतात. त्यात संसार असतो. भांडी, धान्याची पोती, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरं. पाच-सहा महिने फडाजवळ कोपीत राहायचं आणि पट्टा पडला की त्याच ट्रेलरमध्ये संसार भरून परत जायचं. सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याचा गाळप हंगाम या फिरत्या घरांवर चालतो.

रस्त्याकडेला भाता पेटवून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करणारे घिसाडी बघा. पूर्वी बैलगाडी होती, आता जुना टेम्पो. बाकी सगळं तेच. राजस्थानच्या गाडिया लोहारांचं तर घरच बैलगाडी. चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी घरात न राहण्याची शपथ घेतली असं ते सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना चितोडच्या किल्ल्यात नेऊन ती शपथ सोडवली. शपथ सुटली, पण जमीन सगळ्यांना मिळाली नाही. म्हणून त्यातले कितीतरी अजून रस्त्यावरच आहेत.

आणि आपल्या शहराचा इतिहास तर आपल्याला पाठ पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी फिरणाऱ्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. 'सेटलमेंट' हे नाव मात्र अजून आपल्या पत्त्यांत आहे. मला यातली उलटी गंमत कायम टोचते. तेव्हा ज्यांना फिरायचं होतं त्यांना सरकारनं डांबून ठेवलं. आज ज्यांना थांबायचंय त्यांचं पाल दुसऱ्या दिवशी उठवतात.

सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ साली केंद्राला अहवाल दिला. भटक्यांना राहायला जागा नाही आणि ओळखीचा कागद नाही, ही दोन दुखणी त्यात स्पष्ट मांडली आहेत. राज्याची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. भटक्या-विमुक्त कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर, अशी ती कागदावर आहे. या जिल्ह्यात तिच्यातून किती वसाहती उभ्या राहिल्या, हा प्रश्न तुमच्या आमदाराला विचारा.

आता दुसरी बाजू बघा. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. पर्यटकांनी चाकावरच्या घरातून फिरावं आणि ते उभं करायला कॅरॅव्हॅन पार्क असावेत, तिथं पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं. धोरण चांगलं आहे, माझा विरोध नाही. पण याचा अर्थ सरकारला पक्कं माहीत आहे की चाकावरच्या घराला थांबायला काय काय लागतं. सुट्टीत दोन रात्री राहणाऱ्यासाठी हे माहीत आहे. ज्याचा बारा महिने संसार चाकावर आहे त्याच्यासाठी कुठं लिहिलेलं नाही.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. पंढरपुरात आषाढीला '६५ एकर'वर काय होतं ते बघा. दिंड्यांना तंबूसाठी प्लॉट आखून दिले जातात. नळ, लाइट, शौचालय, दवाखाना, पोलीस मदत केंद्र, सगळं. लाखो माणसांची सोय आपलंच जिल्हा प्रशासन करतं, आणि चांगली करतं. मग शहराच्या पुणे, विजापूर, हैदराबाद, अक्कलकोट अशा चार रस्त्यांना एकेक एकराचा कायमचा थांबा करायला काय लागतं? दहा नळ, दहा शौचालयं, दिवे, विजेचे मीटर आणि प्रत्येक जागेला नंबर. तिथं घिसाडी थांबेल, हंगामी मजूर थांबेल, अक्कलकोट-तुळजापूरला निघालेला कॅरॅव्हॅनवाला पण पैसे देऊन थांबेल. माझे ते ड्रायव्हरही नियमानं महिन्याचं शुल्क भरून राहतील. फुकट कुणी मागत नाहीये.

काही जण म्हणतील, अशानं झोपडपट्टी वाढेल. झोपडपट्टी वाढते ती सोय नसल्यामुळं. नंबर, शुल्क आणि मुदत असलेल्या जागेवर लक्ष ठेवता येतं. ओढ्याकाठच्या पालावर येत नाही.

रस्त्यावर राहणाऱ्यालाही हक्क आहेत, ते माहीत असू द्या. बेघर माणसाला मतदार नोंदणीसाठी पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार बीएलओनं रात्री जाऊन तो माणूस तिथं झोपतो याची खात्री करायची असते. हे किती बीएलओंना माहीत आहे, तो वेगळा विषय.

तरीही ज्यांचं ठरलंच आहे त्यांनी एवढं करा:

१) आधी जागेचा नोंदणीकृत करार, मग गाडी. उलटं करू नका. तोंडी शब्दावर दोन लाख लावू नका.

२) गाडी असेल तर आरसी, टॅक्स, बँकेचा बोजा आणि चलनं तपासा. सांगाडा असेल तर विकत घेतल्याची पावती घ्या.

३) कंटेनर असेल तर आधी त्यात काय वाहून नेलं ते विचारा. जहाजाच्या कंटेनरच्या लाकडी तळाला बऱ्याचदा कीटकनाशक लावलेलं असतं. तळ बदला किंवा नीट झाका.

४) लोखंडी घरात वीज खेळ नाही. अर्थिंग आणि करंट उतरला की बंद होणारा ब्रेकर बसवल्याशिवाय एक बल्बसुद्धा लावू नका. पावसाळ्यात अख्खी भिंत करंट मारते.

५) दागिना मोडून किंवा बचत गटाचं कर्ज काढून हे करू नका. बस दरवर्षी गंजत जाणार, दहा वर्षांनी किलोवर जाईल. तेच पैसे गुंठ्यात गेले तर निदान गुंठा राहतो.

६) आधी पंतप्रधान आवास योजनेचं बघा. शहरात स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू शकतात. इथंही अडतं ते जागेवरच, म्हणून पहिली धडपड जागेची करा.

शेवटचं. कुंभारीच्या माळावर १० हजार विडी कामगार बायांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तिच्या उद्घाटनाला २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले. रे नगरची ३० हजार घरांची योजना झाली, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या द्यायला जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी आले. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान एकाच माळावर आले, कारण आडम मास्तरांच्या मागं हजारो विडी कामगार बाया आणि यंत्रमाग कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढत होते आणि आपला हिस्सा भरत होते. शहरापासून लांब आहे, अडचणी आहेत, पण त्या बाईच्या दारावर नंबर आहे. एकेकट्यानं भंगारात बस शोधण्यापेक्षा हा रस्ता लांबचा आहे, पण त्याच्या शेवटी पत्ता आहे.

महापालिकेच्या पुढच्या सभेआधी 'चार रस्त्यांना चार थांबे' या मागणीचं निवेदन आपण देणार आहोत. सही करायला कोण येतंय ते खाली कळवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी भंगारातली बस बघून आला असेल, तर पैसे द्यायच्या आधी ही पोस्ट त्याला वाचायला द्या.