रेघ समुद्रात, शिक्षा घरात



‘परराष्ट्र धोरणाशी बायकांचा काय संबंध?’ हा प्रश्न माहीमच्या आमच्या गटात अनेकदा निघतो. करार, सीमा, लढाया हे दिल्ली-इस्लामाबादचं काम, असं आपण धरून चालतो. पालघर जिल्ह्यातल्या खलाशांच्या बायकांना मात्र हा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

डहाणू-तलासरीचे आदिवासी पुरुष हंगामात गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात. कच्छजवळच्या सर क्रीक या सुमारे 96 किलोमीटरच्या खाडीतली हद्द अजून ठरलेली नाही. वादाचं मूळ आपल्याच मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावात आणि नकाशात आहे. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. इंग्रज गेले, नकाशाचे दोन अर्थ दोन देशांकडे राहिले. पुढे 1954 मध्ये पाकिस्तानने अमेरिकेशी, 1971 मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी करार केला. बड्यांच्या चढाओढीत शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा संशय वाढला. खाडीची हद्द नाही म्हणून पुढच्या समुद्राचीही नाही. आणि पकडला जातो तो मजूर.

1 जुलै 2025 च्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या कैदेत भारताचे 193, तर भारताच्या कैदेत पाकिस्तानचे 81 मच्छीमार होते. म्हणजे कराचीच्या मच्छीमार वस्त्यांतही बायका अशीच वाट पाहतात.

मागे राहिलेल्या बाईवर उचलीचं कर्ज, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं औषधपाणी येतं. नवरा जिवंत आहे, पण घरात नाही. सरकारी अर्जाच्या रकान्यात ती ना विधवा, ना परित्यक्ता. मग तिची नोंद करायची कुठे?

शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली, की महिन्याभरात कैद्याला सोडायचं, असं दोन्ही देशांनी 2008 च्या करारात लिहून दिलं आहे. मे 2025 मध्ये लढाई झाली, तरी दोनच महिन्यांत कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. म्हणजे मनात आणलं तर वैरातही माणुसकीचं काम होऊ शकतं.

म्हणून आपली मागणी सरळ आहे: महिन्याभराचं कलम पाळा. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची 2007 सालची समिती पुन्हा तुरुंगांत पाठवा. कैदेतल्या खलाशाच्या बायकोची स्वतंत्र नोंद करून तिला रेशन आणि निर्वाहभत्ता द्या.

हे मागणाऱ्या बाईला कुणी देशद्रोही म्हणेल. आपण तिच्या शेजारी उभ्या राहणार आहोत का, हे प्रत्येक गटाने ठरवायचं आहे.