दुसऱ्या दोराची किंमत

पाऊस उघडला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आपल्या शहरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना रंगकामाचे वेध लागतात. सर्वसाधारण सभेत तीन कोटेशने वाचून दाखवली जातात. रंग कोणत्या कंपनीचा, हात किती, हमी किती वर्षांची, यावर दीड दीड तास वाद होतो. मोतिया की फिकट पिवळा यावर हात वर होतात. अखेरीस सर्वांत कमी आकड्याचे कोटेशन एकमताने मंजूर करून मंडळी बटाटेवड्याकडे वळतात. तो आकडा कमी कशामुळे झाला, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वास्तविक रंगाच्या डब्याचा भाव सगळ्याच ठेकेदारांना जवळपास सारखा पडतो. फरक पडतो तो मजुरीत, आणि त्याहूनही अधिक, आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत अशा वस्तूंत : परांचीचे बांबू, झुल्याचे दोर, पट्टे, जाळ्या.

अशा कामावरून मध्येच उठून जाणाऱ्या माणसाविषयी मला लिहायचे आहे. त्याला आपण फार सहजपणे ‘भित्रा’ म्हणतो, किंवा ‘कामचुकार’.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या सात मजली इमारतीला रंग लागत होता. रंगाऱ्यांत लातूरकडचा एक तिशीतला गडी होता. अकरा वर्षे त्याने हेच काम केलेले. एका सकाळी तो गच्चीवर गेला, झुला ज्या दोरांवर सोडला होता त्यांच्या गाठी त्याने पाहिल्या, आणि झुल्यात उतरायला नकार दिला. दोर बांधला होता तो काढून टाकलेल्या टाकीच्या जुन्या लोखंडी पाइपाला. पाइप बुडाशी गंजलेला. ‘दोर कॉलमला बांधा आणि पट्ट्याला दुसरा दोर द्या,’ एवढेच त्याचे म्हणणे होते. मुकादम म्हणाला, ‘या बाजूचं आजच्या दिवसाचं काम राहिलंय, दोराचं उद्या बघू.’ त्यावर हा म्हणाला, ‘मग मी पण उद्याच बघतो.’ आणि खाली उतरला. दुपारी नाक्यावरून अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला आणि त्याच झुल्यात बसला. संध्याकाळी फाटकापाशी हिशेबासाठी थांबलेल्या त्या रंगाऱ्याकडून मला हे सारे कळले, तोवर त्या बाजूचे काम उरकून दोर उतरवलेही होते.

पोराला काहीही झाले नाही. माझ्या एखाद्या कादंबरीत हा प्रसंग असता तर तो दोर नक्की तुटला असता. वाचकही तशी अपेक्षा ठेवतात. प्रत्यक्षात दोर बहुतेक वेळा तुटत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. दुसऱ्या दिवशी मुकादम हसत हसत सांगत होता, ‘बघा साहेब, उगीच घाबरला!’ आमच्यातल्या दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या.

मी आयुष्याची बत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्ज मंजूर करण्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते : नाकारलेले कर्ज कधी थकत नाही. त्यामुळे ज्याने ते नाकारले त्याचे शहाणपण कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. उलट ‘एवढी चांगली पार्टी घालवली’ म्हणून वरिष्ठ चार शब्द सुनावतात. झुल्यावरून उतरलेल्या माणसाचेही तसेच. तो पडला नाही, याची नोंद कोण आणि कुठे करणार?

आणखी एक बँकेतलीच गोष्ट. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने कितीही प्रामाणिकपणाच्या शपथा घेतल्या तरी त्याच्या एकट्याच्या किल्लीने तिजोरी उघडत नाही. यात कुणाचा अपमान नाही. माणूस चुकू शकतो, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. उंचीवरच्या कामाचे शास्त्रही हेच सांगते. दोरावर लटकून काम करण्याची जी शिस्तबद्ध पद्धत आहे तिच्यात प्रत्येक माणसाला दोन दोर असतात, एक कामाचा आणि एक जिवाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या पक्क्या ठिकाणी बांधलेले. पट्टा झुल्याच्याच दोराला अडकवला तर तो असून नसल्यासारखा. दोर सुटला की पट्टाही त्याच्याबरोबर जातो. नुसता कमरेचा पट्टा असला तर झेल घेताना सारा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा म्हणून लागतो. सहाव्या-सातव्या मजल्याची उंची साधारण वीस मीटर. तिथून सुटलेला माणूस दोन सेकंदांत खाली येतो, ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने. दोन सेकंदांत ‘अरे’ म्हणून होते, दुसरे काही नाही. नोटांच्या गठ्ठ्यांसाठी आपण दोन किल्ल्या ठेवल्या, आणि माणसासाठी एक दोर.

पण माझे लक्ष वेधले ते दोराने नव्हे, त्याच्या हिशेबाने. या धंद्यात ‘खर्ची’ची पद्धत आहे. मजुराचा रोज ठरलेला असतो, पण तो रोजच्या रोज हातात पडत नाही. आठवड्याला जेवणखाणापुरती खर्ची मिळते आणि बाकीची रक्कम ठेकेदाराकडे साचत राहते, काम संपले की हिशेब. आमच्या रंगाऱ्याचे तेवीस दिवस भरले होते. नऊशे रुपये रोजाने वीस हजार सातशे. तीन आठवड्यांची खर्ची सहा हजार वजा जाता चौदा हजार सातशे रुपये ठेकेदाराकडे अडकलेले. ‘काम अर्धं टाकून गेलास, आता हिशेब सगळं काम झाल्यावर,’ असे त्याला सांगण्यात आले.

याला आमच्या भाषेत काय म्हणतात? हा मजूर ठेवीदार आहे. ठेकेदाराला तो बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देतो आणि त्याच भांडवलावर ठेकेदार पुढचे डबे उचलतो. बँकेतल्या तुमच्याआमच्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. याच्याकडे पासबुक सोडा, साधा कागदाचा चिटोराही नाही. झुला धोक्याचा आहे हे त्याला दिसत असते, पण खाली उतरला तर तेवीस दिवसांचा घाम बुडतो. म्हणून बहुतेक जण उतरत नाहीत. दुरून आपल्याला ते धाडसी वाटतात, ती गोष्ट वेगळी.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे की, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे सकारण वाटून जो कामगार कामावरून बाजूला होईल, त्याला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. आपल्याकडच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगाराने असा धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालावा, अशी तरतूद आहे. २०१९ च्या वेतन संहितेत काम सोडणाऱ्याचाही हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा असे लिहिले आहे. मात्र बांधकामासाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि नव्या सुरक्षा संहितेनेही बांधकामासाठी दहाचाच आकडा ठेवला आहे. आमच्या इमारतीवर माणसे होती सात. आपल्या सोसायट्यांची रंगकामे, गळतीची कामे, पाइप बदलण्याची कामे अशीच सहा-सात माणसांत होतात. म्हणजे उंची तीच, पडण्याचा वेग तोच, सुरक्षेचा कायदा मात्र दहाव्या माणसाची वाट बघत खाली उभा.

सुरक्षा महाग पडते, असा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधायला १९३३ च्या जानेवारीत सुरुवात झाली. त्या काळी मोठ्या पुलांच्या बाबतीत दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू, असा अंदाजच धरला जाई. मृत्यू हा जणू अंदाजपत्रकातला एक बाब होता. पूल साडेतीन कोटी डॉलरचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी सव्वा लाखाहून अधिक डॉलर खर्चून कामाखाली जाळी बांधून घेतली. त्या जाळीने एकोणीस जणांना झेलले. जवळजवळ चार वर्षे एकही मृत्यू झाला नव्हता. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कित्येक टनांची एक परांचीच कोसळून जाळी फाडून गेली आणि दहा जण दगावले. एकूण मृत्यू अकरा. जाळीवर झालेला खर्च एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांना हे परवडले, त्यांच्यापुढे आमच्या सभेतली घासाघीस मला फार केविलवाणी वाटते.

त्या रंगाऱ्याचे पैसे मिळाले. ठेकेदाराचा पुढचा हप्ता त्याचा हिशेब होईपर्यंत थांबवावा, असा आग्रह मी कमिटीत धरला. दोन आठवड्यांनी त्याला साडेतेरा हजार मिळाले. उरलेले ठेकेदाराने ‘ब्रश हरवले’ म्हणून कापले. सध्या तो तळमजल्यावरची, आतली कामे करतो. रोज कमी पडतो, असे त्याने फोनवर सांगितले. ‘पण काका, पोरं लहान आहेत.’

या वर्षी आमच्या इमारतीचे बाहेरचे पाइप बदलायचे आहेत. टेंडरच्या मसुद्यात मी तीन कलमे घातली आहेत. दोर, पट्टे आणि जाळी यांचा आकडा वेगळा लिहायचा आणि त्यावर भाव पाडायचा नाही. खर्ची नव्हे, दर शनिवारी पूर्ण मजुरी, कमिटीच्या एका सभासदासमोर. ही दोन कलमे फारसा आवाज न होता मंजूर झाली. तिसऱ्यावर गाडी अडली : धोका दाखवून जो माणूस खाली उतरेल त्याची त्या दिवसाची हजेरी पूर्ण धरायची, आणि ती सोसायटीने भरायची. खजिनदार म्हणाले, ‘असं केलं तर रोज सगळेच उतरून बसतील.’ मी म्हटले, ‘तो अकरा वर्षांत एकदा उतरला.’ त्यावर बरीच चर्चा झाली, वेळ संपली, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.